बाहेरची व्यक्ती क्रमांक सात

मामी दर रविवारी मला एकच प्रश्न विचारायची. "कळलं का ग, कोणी धाडलं ते पत्र?" आणि मी दर रविवारी तेच सांगायचे, "बघतेय मामी. कचेरीत ढीगभर कागद असतात. सापडेल." असे चार महिने गेले. ती वाढायची, मी मान खाली घालून जेवायचे आणि हात धुवून घरी यायचे. पत्र कोणी धाडलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी धाडलं होतं.

म्हणजे सही साहेबांची होती आणि पोचवलं ते चौकीतल्या शिपायाने. पण ज्या आकृतीवरून ते निघालं ती आकृती माझी. हात झटकायचे म्हटले असते तर झटकता आले असते, आमच्याकडे त्यासाठी माणसांची कमी नाही. पण खरं सांगितलं तर मामी तुटणार, आणि ती तुटली की माझं म्हणावं असं जगात कुणी उरत नव्हतं. आई गेल्यावर मी मामा-मामीकडेच वाढले. त्यांना मूल नव्हतं, मला दुसरं घर नव्हतं. म्हणून मूग गिळून बसले होते. आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी काही फार चांगली बाई नाही.

आमच्या कचेरीचं नाव भलंमोठं आहे, शांतता नियोजन कक्ष. काम सोपं करून सांगते. शहरात जिथे दोन वस्त्या एकमेकींच्या जिवावर उठल्यात, तिथे पुढची मारामारी कधी होईल ते आधी ओळखायचं, आणि ती होऊ नये म्हणून काय करावं ते वरच्यांना सांगायचं. त्यासाठी मी आकृत्या काढते. एकेका गोष्टीला एकेक वर्तुळ: अफवा, बंद पडलेलं पाणी, लवकर मिटलेली दुकानं, शाळेत न आलेली मुलं. आणि कशामुळे काय घडतं ते दाखवणारे बाण. दोन गोष्टी पाठोपाठ घडतात एवढ्यावर भागत नाही, त्यातली कोणती कोणतीला कारण आहे ते ठरवावं लागतं. कारण वरची माणसं बाण बघून कारणावर घाव घालतात. बाण उलटा पडला तर घाव भलत्याच्या डोक्यात. हे मी नव्याने लागलेल्या प्रत्येकाला वीस वर्षं ऐकवत आलेय. माझी जीभ झडली कशी नाही, हेच नवल.

माझ्या समोरच्या टेबलावर खेळ्या बसतो. त्याला सगळे खेळ्याच म्हणतात, कारण तो खेळाचं गणित करतो. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. दोन बाजू समोरासमोर, आणि प्रत्येक बाजू 'दुसरा काय करेल' याचा अंदाज घेऊन आपली चाल ठरवते, असला खेळ. माणूस हुशार, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा. त्यामुळे मी त्याला सहसा तोंड उघडू देत नसे.

आमच्याकडे आलेली जोडी होती गिरणीची वस्ती आणि भट्टीची वस्ती. मधे कालवा, कालव्यावर पायी जायचा लोखंडी पूल. दोन्हीकडची माणसं आपल्या वस्तीला अलीकडची म्हणतात आणि समोरच्यांना पलीकडचे, त्यामुळे सुरुवातीला आमच्या नोंदींत सगळा गोंधळ होता. भांडण म्हणे पाण्याच्या एका व्हॉल्व्हवरून सुरू झालं. तो व्हॉल्व्ह कधीच गंजून गेला, पण डोकी फुटायची थांबली नाहीत.

दोन्ही वस्त्यांत आमची नोंद घेणारी माणसं होती. आज कोण आलं, कोण कोणाशी बोललं, कोणी दार आपटलं, सगळं लिहून पाठवायची. नाव मात्र लिहायचं नाही. हा नियम माझा. उद्या कागद कुणाच्या हाती लागला तर लोकांना त्रास नको, म्हणून माणसाला फक्त क्रमांक. त्या नियमाबद्दल माझी पाठ थोपटलीही गेली होती.

तर या नोंदींत एक माणूस सारखा यायचा. बाहेरची व्यक्ती क्रमांक सात. दोन्ही वस्त्यांतला नाही. दुपारी चार-दहाला येतो, पुलाच्या मधोमध बसतो, दोन्हीकडच्यांशी बोलतो, सहाला जातो. रोज येत नाही, काही दिवसच येतो. मी तक्ता मांडला. अडीच वर्षांत तेवीस वेळा दगडफेक झाली होती, आणि त्यातल्या एकोणीस वेळी आदल्या दोन दिवसांत सात पुलावर होता. तो आला की मागोमाग भांडण. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी खेळ्यालासुद्धा स्वतःहून चहा पाजला. सातच्या वर्तुळातून मारामारीच्या वर्तुळाकडे मी बाण काढला, चांगला जाड.

बैठकीत खेळ्याने एकदा तोंड घातलं. म्हणाला, "मॅडम, हा सात नक्की बसतो कुठे? दोन्हीकडून दिसतो का?"

"त्याने काय फरक पडतो?" मी म्हटलं.

"पडतो. या खेळात कोणालाच मारामारी नको असते. पण दुसरा आधी येईल ही भीती असते, म्हणून आपणच आधी जाऊ असं होतं. मधे काहीतरी दोघांना दिसणारं असेल, आणि दोघांना दिसतंय हे दोघांना माहीत असेल, तर—"

"हे बघ," मी त्याला तोडलं, "एकोणीस वेळा. माझ्याकडे आकडा आहे. तुझ्याकडे 'तर' आहे."

सगळे हसले. साहेबांनी शिफारस वर पाठवली. पंधरा दिवसांत आमच्या कचेरीच्या छापील कागदावर पत्र निघालं: आपण सदर पुलावर जाणे व बसणे बंद करावे, आपल्या उपस्थितीने शांततेस बाधा येते. नावाची जागा कोरी होती. पुलावर कोण बसतं ते चौकीवाल्यांना माहीत होतं, त्यांनी नाव भरलं आणि पोचवलं.

डॉक्टर ज्या घरात शिरतो तिथे माणूस आजारी असतोच. माझ्या हिशेबाने डॉक्टर म्हणजेच रोग होता. वातावरण तापलं की सात यायचा. तो आल्यामुळे त्या एकोणीस वेळा नुसती दगडफेक झाली, त्याच्या पुढे गेलं नाही. हे आज मला शाळेतल्या पोरालाही समजावता येतं. तेव्हा नाही दिसलं.

सात यायचा थांबला. नऊ दिवस पूल रिकामा राहिला. गिरणीवाल्यांनी रिकामा पूल बघितला आणि ठरवलं, भट्टीवाल्यांनी त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलंय, म्हणजे ते येणार. भट्टीवाल्यांनी तोच पूल बघितला आणि नेमकं तेच गिरणीवाल्यांबद्दल ठरवलं. दहाव्या दिवशी दुपारी दोन्हीकडचे एकाच वेळी निघाले. अकरा घरं जळाली. पाच माणसं गेली. नोंदीत आलं, मृतांत बाहेरची व्यक्ती क्रमांक सात, धूर दिसल्यावर पुलावर धावत आला, डोक्यात दगड.

ती नोंद मी वाचली आणि म्हटलं, अरेरे. एवढंच. पाच मिनिटांनी मामीचा फोन आला.

माझा मामा पाण्याचे मीटर वाचायचा. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं, आणि त्याच्या वाटणीला याच दोन वस्त्या होत्या. घरोघरी जायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा. सुट्टीत मला बरोबर न्यायचा. मी आकडा मोठ्याने वाचायची, तो लिहायचा. आकडे मी तिथेच शिकले. निवृत्त झाल्यावर फोनवर म्हणायचा, "जातो मधूनमधून पुलावर, बसतो जरा, लोकांचे नळ दुरुस्त करतो." मला वाटलं, म्हातारा माणूस, वेळ जात नाही, बसत असेल. कुठला पूल हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. दीड वर्ष मी त्याच्या घरी फिरकले नव्हते, कामाच्या नावाखाली.

इस्पितळात त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेलं पत्र निघालं. मामीने ते माझ्या हातात दिलं. "बघ ग तूच. तुझ्याच कचेरीचं दिसतंय. कोणाच्या डोक्यातून निघालं हे, शोध की." मी बघितलं. मग म्हटलं, शोधते.

आता पुढचं. तुम्ही हसाल, हसा.

मारामारीनंतर पूल दोन्ही टोकांना पत्रे ठोकून बंद केला. वस्त्यांतली आमची माणसंही परत बोलावली. उरलं फक्त पुलाच्या मधे बसवलेलं माणसं मोजायचं यंत्र. त्याचा आकडा माझ्या संगणकाच्या पडद्यावर यायचा. रोज शून्य. पूलच बंद म्हटल्यावर दुसरं काय येणार? तीन महिने मी रोज ते शून्य बघितलं. मग एका मंगळवारी आकडा आला. चार वाजून दहा मिनिटं, एक. सहा वाजता, एक.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी तेच. आणि आमच्या त्या दीडशहाण्या प्रणालीने वेळ जुन्या नोंदींशी ताडून बघितली आणि पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं: बाहेरची व्यक्ती क्रमांक सात, हजर.

माझी पाचावर धारण बसली. भूतबीत मी मानत नाही. मी आकड्यांची बाई आहे, अफवेलासुद्धा वर्तुळ काढते. पण दिवसाढवळ्या, भरल्या कचेरीत, शेजारी कोणी डबा उघडतोय, कोणी फोनवर खिदळतोय, आणि समोर मेलेला माणूस हजेरी लावतोय. मी पडदा बंद केला. पुन्हा लावला. हजर.

यंत्र बिघडलं असेल म्हणून दुरुस्तीवाल्याला पाठवलं. तो सकाळी कालव्यातून शिडी लावून बघून आला. "मॅडम, यंत्र ठणठणीत आहे. पण दोन्हीकडे पत्रे आहेत. माणूस सोडा, मांजर नसेल जात तिथे." मग दात काढत म्हणाला, "भूत मोजत असेल बघा." मी त्याला असं काही झापलं की तो चहा न घेताच पळाला.

त्यानंतर रोज चार वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. मामाची एक सवय होती, मीटरचं झाकण उचलण्याआधी पान्याने दोनदा ठोकायचा. आत विंचू असला तर हलेल म्हणून. टक, टक. ते मला ऐकू यायला लागलं. आमच्या भिंतीतल्या पाण्याच्या नळातून यायचं, चार-दहाला. खेळ्याला विचारलं, तुला काही ऐकू येतंय का? तो म्हणाला, नाही. मग माझ्याकडे बघत राहिला. दोन रविवार मी मामीकडे गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून कळवलं. मामीनेही फार खोदून विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

शुक्रवारी साहेबांनी बैठक बोलावली. सोमवारी वर पाठवायच्या शिफारशींची यादी होती. त्यात तिसऱ्या ओळीत आमचा पूल. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "सात परत आलेला दिसतोय. धोका वाढला म्हणते प्रणाली. या वेळी पत्रबित्र नको. चौकीला सांगू, सोमवारी चारला जाऊन ताब्यात घ्या."

खेळ्या म्हणाला, "साहेब, सात मेलाय."

"मग नवा सात असेल," साहेब म्हणाले. "वेळ तीच, जागा तीच. आणि बाण तर तुमचाच आहे ना, मॅडम? अजून तसाच आहे?"

मी 'हो' म्हटलं. चार महिने तो बाण मी तसाच ठेवला होता. पुसला असता तर कोणीतरी विचारलं असतं, का पुसला?

शनिवारी कचेरीला सुट्टी. मी दुपारी साडेतीनला घरातून निघाले. काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की सोमवारी कोणाला तरी उचलणार आहेत, आणि ते जे कोण आहे ते आधी मी बघायला हवं. मामा असला तरी बघायला हवं. खोटं कशाला बोलू, तो असावा असंही वाटत होतं. एकदा दिसला असता तर पाय धरले असते.

गिरणीच्या वस्तीतून कालव्याकडे जाणारी गल्ली अरुंद आहे. जळलेल्या घरांना निळी ताडपत्री लावलेली. ओट्यावर बसलेली माणसं मला बघून बोलायची थांबली. एका बाईने दारातल्या मुलाला आत ओढलं. मी सरळ चालत राहिले. पुलाच्या तोंडावरचा पत्रा लांबून धड दिसत होता, पण जवळ गेल्यावर कळलं, खालच्या कोपऱ्याचे खिळे काढलेले आहेत आणि तो बाहेर वाकवलाय. एक माणूस वाकून जाईल एवढा.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. आतून आवाज आला. टक, टक.

मी वाकले आणि आत डोकावले. पुलाच्या मधोमध, पत्र्याच्या डब्यावर, माझ्याकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. अंगात मामाचा तपकिरी कोट होता. कोपरावर दुसऱ्या कापडाचं ठिगळ होतं, ते मीच नववीत असताना लावलं होतं, वेडंवाकडं.

"मामा," माझ्या तोंडून निघालं.

पाठ वळली. मामी होती.

"वाकून ये," ती म्हणाली. "पत्रा कापतो."

मी आत कशी गेले ते आठवत नाही. तिच्या मांडीवर एक जुना पितळी नळ होता, हातात मामाचा पाना. समोर कागदावर दोन-तीन वायसर. तिने नळावर पाना पुन्हा दोनदा ठोकला, गंज झाडला आणि काम पुढे सुरू केलं.

"मामी, तू इथे काय करतेयस?"

"दिसत नाही? बसलेय."

"कधीपासून?"

"झाला महिना." तिने नळाच्या आत फुंकर मारली. "भट्टीकडची एक बाई आली होती घरी, गळका नळ घेऊन. मामा गेले हे माहीत होतं तिला, तरी आली. म्हणाली, पूल रिकामा दिसतो, घरात कोणाचा जीव थाऱ्यावर नाही. मग म्हटलं, वायसर बदलायला काय अक्कल लागते? चाळीस वर्षं बघत आलेय. आले. चौथ्या दिवशी गिरणीकडच्यांनीही एक नळ पत्र्याखालून सरकवला."

मी दोन्हीकडे बघितलं. गिरणीकडे गच्चीवर तीन माणसं उभी होती. भट्टीकडे एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, आमच्याकडे तोंड करून. सगळे बघत होते.

"मामी, सोमवारपासून इथे येऊ नकोस," मी म्हटलं. "पोलीस येणार आहेत. धरून नेतील तुला."

"का बरं?"

"कचेरीला वाटतं, जो इथे बसतो त्याच्यामुळे भांडणं होतात."

"कोणाला वाटतं?"

तिने नळ खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चार महिने विचारत होती तोच प्रश्न होता, फक्त रविवार नव्हता.

"मला," मी म्हटलं. "मला वाटलं होतं. ते पत्र माझ्या आकृतीवरून निघालं, मामी. तो मामा आहे हे मला माहीत नव्हतं. क्रमांक होता नुसता. पण काढलं मीच."

मामीने नळ पुन्हा उचलला. वायसर बसवला, तो नीट बसला नाही, काढून पुन्हा बसवला. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं.

"फौजदाराने तीनदा हाकललं होतं त्यांना," ती शेवटी म्हणाली. आवाज शांत होता. "एकदा तर बसायचा डबा लाथेने उडवला कालव्यात. दुसऱ्या दिवशी हे दुसरा डबा घेऊन हजर. मी किती कानीकपाळी ओरडले, मरायचंय का तुम्हाला? कोणाचं ऐकलं नाही. मग हे पत्र आलं. वर तुझ्या कचेरीचं नाव. चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, आपल्या पोरीच्या कचेरीचं आहे. मी म्हटलं, अहो, तिला विचारा तरी. म्हणून फोन केला तुला."

मला तो फोन आठवला. त्याक्षणी, त्या पुलावर. दर आठवड्याला यायचा तसाच एक फोन, अर्ध्या मिनिटाचा. मी कुठेतरी जायच्या घाईत होते. मामाने विचारलं होतं, "काय ग, तुमची पत्रं कोणी बघून काढतं का, की अशीच सुटतात?" आणि मी तोऱ्यात म्हटलं होतं, "मामा, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथून चिठोरंसुद्धा सुटत नाही. का रे?" तो हसला होता. "काही नाही, सहज." खूश झाला होता तो, पोरगी मोठी झाली म्हणून.

"फोन ठेवला आणि पाना खुंटीला अडकवला," मामी म्हणाली. "नऊ दिवस, चार वाजले की चपला घालायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे आणि काढून ठेवायचे. मी म्हणायची, एवढा जीव तुटतोय तर जा की. म्हणायचे, नको. तिने बघून पाठवलंय. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मला हुंदका आला. आवरेना. मी पुलाच्या कठड्याला धरून रडायला लागले, अगदी लहान मुलासारखी.

"रडू नकोस," मामी एकदम कडक आवाजात म्हणाली. "इथे नाही. दोन्हीकडून बघताहेत. परकी बाई आली आणि पुलावर रडारड झाली, काय समजतील ते? डोळे पूस. पूस आधी."

मी डोळे पुसले. गिरणीच्या गच्चीवर तीनाची सात माणसं झाली होती. भट्टीकडचा म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मामीने हात वर करून त्याला दुरुस्त केलेला नळ दाखवला, मग तोच हात गिरणीकडे वळवला. म्हातारा थोडा वेळ तसाच उभा होता. मग बसला.

"आता जा तू," ती म्हणाली. "सावकाश जा, घाई केलीस तर वेगळा अर्थ काढतील. आणि सोमवारचं काय ते बघ. तुझ्या नजरेखालून जातं ना सगळं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी सावकाश चालत गेले, पत्र्याखालून वाकताना दंडावर ओरखडा आला. रविवारी मी तिच्याकडे गेले नाही. तिनेही बोलावलं नाही.

सोमवारी सकाळी बैठकीआधी मी फळ्यावर जुनी आकृती काढली आणि सगळ्यांसमोर तो जाड बाण पुसला. उलट्या बाजूने काढला. साहेब म्हणाले, "मॅडम, आज? यादी अकराला जायची आहे." मी म्हटलं, तिसरी ओळ जाणार नाही. ते म्हणाले, कारण? मी म्हटलं, बाण पहिल्यापासून उलटा होता, तो काढणारी मी, आणि त्यापायी पाच माणसं गेली. मग मी माझाच नियम मोडला आणि सातचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि आता पुलावर कोण बसतं तेही सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. बराच वेळ कागद खालीवर केल्यावर त्यांनी तिसऱ्या ओळीवर काट मारली.

खेळ्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. तो असल्या वेळीही गणित सोडत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

"एक समजत नाही," तो म्हणाला. "जुन्या नोंदींत आहे, चौकीने तीनदा हटकलं, तरी हा माणूस थांबला नाही. मग आपल्या एका पत्राने कसा थांबला? त्याचं कारण या आकृतीत कुठेच नाही."

मी खडू घेतला. पत्राचं वर्तुळ आणि सातचं वर्तुळ, त्यांच्या मधे आणखी एक वर्तुळ काढलं. तिथून सातकडे बाण काढला.

"यात काय लिहायचं?" खेळ्याने विचारलं.

"भाची," मी म्हटलं. "लिही, त्याची भाची."